पगाराचा आकडा आणि थांबण्याची ऐपत

आपल्या समाजातील शिकलेल्या तरुणांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तो पांढरपेशा झाला, वस्तीकडे पाठ फिरवून कॉलनीत राहायला गेला, चौदा एप्रिलला वर्गणी देण्यापुरता उरला, असे आरोप त्याच्यावर झाले आणि त्यांतले काही खरेही आहेत. परंतु हा तरुण हातात पदवी घेऊन बाहेर पडतो त्या घटकेला त्याच्यापुढे नेमके कोणते रस्ते असतात, तो ते कोणत्या मापाने मोजतो आणि मोजायला त्याला किती दिवसांची उसंत मिळते, याची चर्चा आपल्या नियतकालिकांतून क्वचितच होते. कविता झाली, आत्मकथने झाली, पण नेमणूकपत्र कसे वाचावे हे कोणी सांगितले नाही. नोकरी ही ज्याची त्याची खाजगी बाब, तिच्यात वैचारिक ते काय, अशी समजूत त्यामागे असावी. ती मला मान्य नाही. ज्या समाजाजवळ जमीन नाही, दुकान नाही, वडिलोपार्जित वाडा नाही, त्याच्या दृष्टीने नोकरी हीच एकमेव मालमत्ता असते. आणि मालमत्तेचा प्रश्न हा सामाजिक प्रश्न असतो.

येथे मी अभियांत्रिकीच्या पदवीधरांपुरतेच बोलणार आहे. १९८३ साली महाराष्ट्र शासनाने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्यापूर्वी हे शिक्षण मोजक्या महाविद्यालयांत कोंडलेले होते. त्यानंतर ते साखर कारखान्याच्या आवारापर्यंत येऊन पोहोचले. संस्था काढणारे कोण होते आणि त्यांचा हेतू काय होता, हा वेगळा विषय. पण राखीव जागा आणि १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, या दोहोंच्या बळावर आपली मुले त्या आवारात शिरली. आज मराठवाड्यातल्या साध्या वस्तीतही दोन-चार इंजिनिअर सापडतात. मी तालुक्याच्या ठिकाणी अर्थशास्त्र शिकवतो. एप्रिल-मे आला की ही मुले नेमणूकपत्राचे कागद घेऊन माझ्याकडे येतात, कारण त्यांच्या घरात तो कागद वाचून दाखवील असे दुसरे कोणी नसते. माझ्याही घरात नव्हते. प्रश्न बहुधा एकच असतो : "सर, हे घेऊ का?"

या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी तो कागद नीट वाचला पाहिजे. कंपनी ज्याला 'पॅकेज' किंवा 'सीटीसी' म्हणते तो पगार नव्हे. तुम्हाला कामावर ठेवण्यासाठी कंपनीला वर्षभरात येणाऱ्या खर्चाची ती बेरीज आहे. उदाहरणादाखल वर्षाला ३ लाख ६० हजारांचे पॅकेज घेऊ. त्याला बाराने भागले की तीस हजार येतात, आणि घरी आईला 'तीस हजार पगार' असा निरोप जातो. आता त्याची फोड करू. मूळ वेतन दरमहा १५,००० धरले तर त्याच्या १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये, कंपनी तुमच्या प्रॉव्हिडंट फंडात भरते. ते वर्षाचे २१,६०० रुपये याच पॅकेजात मोजलेले असतात. मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी म्हणून दाखवतात, ते झाले साडेआठ हजारांच्या वर. ही ग्रॅच्युइटी कायम कर्मचाऱ्याला साधारणपणे पाच वर्षे सलग नोकरी झाल्याखेरीज मिळत नाही. दोन वर्षांत सोडणाऱ्याच्या लेखी तो आकडा नुसता शोभेचा. विम्याचा हप्ता समजा ६,००० आणि कामगिरीवर अवलंबून असलेला भाग समजा २४,०००. हे सगळे वजा केले म्हणजे दरमहा पंचवीस हजार उरतात. त्यांतून तुमच्या वाट्याचा प्रॉव्हिडंट फंड १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात तेवीस हजार पडतात. घरी तीस सांगितले होते.

प्रॉव्हिडंट फंडाबद्दल माझी तक्रार नाही. तो आपलाच पैसा आहे, व्याजासह परत येतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे नाना भत्त्यांच्या नावाखाली निम्म्याहून अधिक मोबदला वेतनाबाहेर ठेवला, तर वरचा भाग वेतनातच धरावा लागतो. त्यामुळे भविष्याची तरतूद वाढेल आणि आजची रोकड कदाचित थोडी घटेल. माझा आक्षेप आहे तो कामगिरीवर अवलंबून असलेल्या भागाला. तो किती द्यायचा, कधी द्यायचा आणि द्यायचा की नाही, हे देणारा ठरवतो. आपल्या आजोबांना सुगीच्या खळ्यावर उभे राहून जे मिळत असे, त्याचाही हिशेब असाच देणाऱ्याच्या मर्जीवर असे. तेव्हा त्या रकमेला पगारात धरू नये. आली तर आली.

आता हे तेवीस हजार दोन मुलांच्या हातात ठेवून पाहू. एक मुलगा पुण्याचाच. आईवडील नोकरीत, फ्लॅट स्वतःचा. तो घरी जेवतो, घरून कामाला जातो. महिनाअखेर त्याच्याजवळ वीस हजार सहज उरतात. दुसरा बीड किंवा परभणीकडचा. तो कॉट बेसिसवर खोलीत राहतो. खोलीचे पाच हजार, मेसचे साडेतीन, जाण्यायेण्याचे दोन, किरकोळ एक हजार, असे साडेअकरा हजार जागच्या जागी जातात. शिकवणी शुल्काची प्रतिपूर्ती सरकारने केली असली तरी खोली, मेस, लॅपटॉप, प्रकल्पाचा खर्च यांसाठी घेतलेले दोन लाखांचे शैक्षणिक कर्ज असतेच. १० टक्के व्याजाने सात वर्षांत फेडायचे तर त्याचा हप्ता ३,३०० रुपये होतो. तोही अभ्यासक्रमाच्या काळात चढलेले व्याज मुद्दलात धरले नाही तर. घरी पाच हजार पाठवायचे. उरले तीन हजार दोनशे. आणि कर्ज बँकेचे नसून गावातल्या सावकाराचे, शेकडा तीन रुपये महिन्याचे असेल, तर वर्षाला ३६ टक्के व्याज झाले. मग हा हिशेब मांडण्यातच अर्थ राहत नाही.

दोघांच्या नेमणूकपत्रावर एकच आकडा आहे. अर्थशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे दोघांचे वेतन समान आहे. प्रत्यक्षात एकाला तो वीस हजारांचा आहे आणि दुसऱ्याला तीन हजारांचा. पण फरक एवढ्यावरच थांबत नाही. समजा, हे पत्र दोघांनाही पसंत नाही. पहिला म्हणतो, सहा महिने थांबतो, एखादा कोर्स करतो, चांगले काही मिळेल. दुसरा काय म्हणणार? त्याचा प्रत्येक थांबलेला महिना कोणाच्या तरी मजुरीतून, कोणाच्या तरी कानातल्या फुलांतून भरावा लागतो. माझे म्हणणे एवढेच आहे : इंजिनिअरांच्या बाजारात गुणवत्तेला भाव मिळतो असे आपल्याला सांगितले जाते, पण तिथे सर्वांत जास्त भाव थांबता येण्याला मिळतो. ज्याला थांबता येते तो निवड करतो. ज्याला येत नाही तो मिळेल ते स्वीकारतो, आणि पुढे त्या स्वीकारालाच त्याची 'लायकी' असे नाव पडते.

आजचा बाजार तर थांबायला लावण्यातच वाकबगार झाला आहे. २०२२ नंतर संगणक-सेवा क्षेत्रातल्या कंपन्यांनी हजारो मुलांच्या हातात पत्रे ठेवली आणि रुजू होण्याची तारीख महिनोन्‌महिने, काहींच्या बाबतीत दोन वर्षांपर्यंत, पुढे ढकलली. पत्र हातात असलेला मुलगा बेकार म्हणवत नाही आणि कमावताही नाही. शेजारी विचारतात, मुलगा लागला ना? आई म्हणते, लागला. असा एक विद्यार्थी माझ्याकडे दर महिन्याला येई. अखेरीस वाळूजच्या कारखान्यात तो शिकाऊ उमेदवार म्हणून गेला. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे असा उमेदवार हा कामगार नव्हे, तो शिकणारा. २०१९ च्या नियमदुरुस्तीने पदवीधर उमेदवाराचे किमान विद्यावेतन महिना ९,००० ठरले. शिकाऊपण संपल्यावर त्याला कामावर घ्यायचेच असे बंधन कारखानदारावर नाही. याच कायद्यात शिकाऊ जागांवर अनुसूचित जातीजमातींसाठी आरक्षणही आहे, हे मात्र आपल्या कार्यकर्त्यांनाही फारसे माहीत नसते. वर्ष संपले की दुसरी तुकडी येते. यंत्र तेच, काम तेच, फक्त हात बदलतात.

पत्रात आणखी एक कलम असते, ते बाँडचे. अमुक वर्षांच्या आत सोडल्यास अमुक रक्कम भरावी. पुष्कळ मुले या कलमाला घाबरतात, पुष्कळ ते वाचतच नाहीत. आपल्या देशात कोणाला बळजबरीने नोकरीवर राबवता येत नाही. प्रश्न असतो तो भरपाईचा, आणि भरपाई वाजवी असावी असे करारकायदा सांगतो. परंतु २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एका सार्वजनिक बँकेच्या बाबतीत, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याचे कलम वैध ठरवले. खुली भरती करणाऱ्या सार्वजनिक संस्थेला तीच खर्चिक प्रक्रिया पुन्हा करावी लागते, हा त्यातला एक मुद्दा होता. म्हणून 'बाँड कोर्टात टिकत नाही' ही वसतिगृहातली ऐकीव गोष्ट प्रमाण मानू नये. मूळ प्रमाणपत्रे मात्र कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत.

बाँड हा प्रकार आपल्या इतिहासाला नवा नाही. ४ जून १९१३ रोजी बाबासाहेबांनी बडोदा संस्थानाशी करार केला होता : परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती मिळेल, त्याबदली परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. १९१७ मध्ये ते करार पाळायला बडोद्यास गेले. कचेरीतले शिपाई फायली लांबून टाकत, शहरात राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले. करार पाळण्याची इच्छा एका बाजूची होती. पाळता येईल अशी परिस्थिती दुसऱ्या बाजूने निर्माण करायची असते, हे कोणत्याच करारात लिहिलेले नसते.

आपल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला ठरलेला असतो : सरकारी बघ. नवी पिढी त्याला हसते. पण त्या सल्ल्यामागचे कारण समजून घेतले पाहिजे. महारवतन कायद्याने गेले ते १९५८ च्या कायद्यानंतर. तोवर गावकीच्या कामाचा मोबदला रोख, ठरलेला, ठरल्या तारखेला असा नव्हताच. अशा माणसाच्या मुलाला रेल्वेत, वीज मंडळात, पाटबंधारे खात्यात महिन्याच्या एक तारखेला, कोणापुढे हात न पसरता, सही करून पैसे मिळू लागले, ही त्या काळातली क्रांती होती. पगाराची रक्कम किती, हा प्रश्न दुय्यम होता. ती कोणाच्या मर्जीवर अवलंबून नव्हती, हे मुख्य. शिवाय तिथे बिंदुनामावली होती. आपली जागा कोणती हे कागदावर दाखवता येत होते. म्हणून म्हातारा माणूस पॅकेज ऐकून घेतो आणि विचारतो, "पण पर्मनंट आहे का बाबा?" हा अडाण्याचा प्रश्न नाही.

मात्र ज्या सरकारी नोकरीकडे ते बोट दाखवतात, ती पूर्वीची राहिलेली नाही. हिशेब पुन्हा मांडू. राज्य शासनात कनिष्ठ अभियंत्याची सातव्या वेतन आयोगाची श्रेणी ३८,६०० पासून सुरू होते. २०२५ मध्ये महागाई भत्ता मूळ वेतनाच्या निम्म्याहून अधिक होता. घरभाडे धरून आणि निवृत्तिवेतनाची वर्गणी वगळून हातात पंचावन्न हजारांच्या आसपास पडतात. म्हणजे वर पाहिलेल्या खाजगी पत्राच्या दुपटीहून अधिक. राजपत्रित पदांचा आकडा आणखी मोठा. इथवर म्हातारा बरोबर आहे. पण १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुने निवृत्तिवेतन लागू नाही; त्यासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यातले कर्मचारी संपावर गेले होते. पदोन्नतीतील आरक्षणाचा २००४ चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द ठरवला, आणि ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीची पदे सेवाज्येष्ठतेने भरण्याचे ठरले. दार उघडे, जिना काढून घेतलेला, अशी ही स्थिती.

आणि दारही पूर्वीएवढे रुंद नाही. २००५ च्या जूनमध्ये वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या. बाह्यस्रोत कामगार हा शब्द उपकेंद्रांवर तेव्हापासून रुळत गेला. बीएसएनएलमधून २०१९-२० मध्ये सुमारे ७८ हजार लोक स्वेच्छानिवृत्तीने एकदम बाहेर पडले. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये खाजगी मालकाकडे गेली. सरकारी उपक्रम विकला जातो तेव्हा वर्तमानपत्रे त्याची किंमत छापतात. त्याबरोबर संपलेल्या राखीव जागांची संख्या कोणी छापत नाही. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी पदे भरण्याचा निर्णय निघाला. विरोध झाल्यावर ऑक्टोबरात तो मागे घेतला गेला. शासन निर्णय मागे घेता येतो, त्यामागची दिशा तशी मागे घेतली जात नाही. मी स्वतः तासिका तत्त्वावर काही वर्षे शिकवले आहे. एकाच स्टाफरूममध्ये एकाच विषयाला दोन पगार कसे असतात, हे मला वेगळे वाचावे लागले नाही.

तरीही हजारो मुले पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांत बसलेली आहेत. त्यांची थट्टा करणाऱ्यांपैकी मी नाही, कारण त्यांचा हिशेब वेडेपणाचा नाही. एखाद्याने तेवीस हजारांची नोकरी सोडून तीन वर्षे अभ्यास केला तर बुडालेला पगार सव्वाआठ लाख होतो. राहणे, मेस, क्लास यांचे महिना दहा हजार धरले तर आणखी तीन लाख साठ हजार. म्हणजे बारा लाखांच्या जवळपास. निवड झाली तर दोन पगारांतला फरक महिना बत्तीस हजारांचा. बारा लाख साधारण तीन वर्षांत वसूल होतात आणि पुढे सगळा फायदाच. निवड झाली तर! ही अट मुलाला ठाऊक असते, पण घरातल्यांना ती सांगितलेली नसते. आणि निवड न झालेला मुलगा अठ्ठाविसाव्या वर्षी पुन्हा कंपनीच्या दारात उभा राहतो, तेव्हा त्याला विचारतात, मधली तीन वर्षे काय केले? म्हणून माझा सल्ला असा असतो की प्रयत्नांची संख्या बसण्याआधीच ठरवावी, कागदावर लिहावी आणि घरातल्या एका तरी माणसाला दाखवावी. बार्टीच्या प्रशिक्षणात जागा मिळत असेल तर तीही घ्यावी. तो दानधर्म नव्हे, आपल्या वाट्याचा पैसा आहे.

मग खाजगी क्षेत्राचे काय? तिथे जात नाही, फक्त काम बघतात, असे आपलीच काही मुले मोठ्या विश्वासाने सांगतात. २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावाआडनावात. सवर्ण हिंदू नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याचा जो संभव, त्याच्या सुमारे दोन-तृतीयांशच दलित नावाला मिळाला. अजून मुलाखत झालेली नाही, कोणी कोणाला पाहिलेले नाही, हे लक्षात घ्यावे. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या अधिकाऱ्यांशी बोलून लिहिले की सगळेच जण गुणवत्तेची भाषा बोलतात आणि सगळेच जण उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' विचारतात. अश्विनी देशपांडे आणि न्यूमन यांनी दिल्लीच्या विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांचा माग घेतला. तिथेही दलित विद्यार्थ्यांच्या अपेक्षा आधीच बेताच्या होत्या आणि त्यांचा ओढा सरकारी नोकरीकडे होता.

हा 'पार्श्वभूमी'चा प्रश्न आमच्या मुलांना फार छळतो. ऊसतोड करणाऱ्या बापाच्या मुलाने काय सांगावे? एकाने मला विचारले, "सर, वडील शेती करतात असं सांगू का?" मी म्हटले, "तुझे वडील काय करतात ते तू सांग. पण पुढचं वाक्य तुझ्या प्रकल्पाचं असू दे, म्हणजे बोलणं तुझ्या कामावर येईल." त्याला ते पटले की नाही, कोण जाणे. खोटे बोलू नये असे सांगणे सोपे आहे. समोरचा माणूस त्या खऱ्याचे काय करणार, याची हमी मी कुठून देणार?

आणखी एक गोष्ट. २०१० च्या सुमारास मोठ्या संगणक-सेवा कंपन्या नव्या मुलाला वर्षाला तीन-सव्वातीन लाख देत. २०२४ मध्येही तो आकडा साडेतीन लाखांच्या घरातच होता. २०१२ मध्ये १०० धरलेला ग्राहक किंमत निर्देशांक २०२४ च्या उत्तरार्धात १९० च्या वर गेला. म्हणजे रुपये तेवढेच आणि त्यांची किंमत जवळपास निम्मी. महाविद्यालये दरवर्षी मुलांचे पीक बाजारात आणतात, तेव्हा भाव पडणारच. सोयाबीन पिकवणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पगार वाढतो तो दोन-तीन वर्षांनी कंपनी बदलणाऱ्याचा. बदलायचे तर आतून कोणीतरी नाव सुचवावे लागते, ज्याला रेफरल म्हणतात. एकाचा मामा आत असतो, दुसऱ्याच्या मामाने कंपनीचे फाटकही पाहिलेले नसते. २००४ मध्ये केंद्रातल्या आघाडीच्या किमान समान कार्यक्रमात खाजगी क्षेत्रातील आरक्षणाचा विषय आला होता. उद्योगसंघटनांनी त्यावर ऐच्छिक आचारसंहिता पुढे केली आणि प्रश्न तिथेच विरला. रेफरल मात्र ऐच्छिक राहिलेले नाही, ती रूढ पद्धत आहे.

मुलींच्या बाबतीत याच तराजूत आणखी वजने पडतात : रात्रपाळी, वसतिगृह, 'दोन वर्षांनी लग्नच करायचे' हे घरातले बोलणे. वीस हजारांची गावाजवळची नोकरी आणि तीस हजारांची पुण्याची, यांत मुलाला दुसरी घ्यायला सांगणारा बाप मुलीला पहिली घ्यायला सांगतो. हे फक्त प्रस्थापितांच्या घरात घडत नाही.

परदेशी शिक्षण, लहान कंत्राटे, स्वतःचा उद्योग हे रस्ते आहेत आणि ते बंद नाहीत. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या अनुसूचित जातींसाठी वर्षाला ७५ जागा असतात. २०१६ ते २०२५ या काळात स्टँडअप इंडिया योजनेत दहा लाखांपासून एक कोटीपर्यंतच्या कर्जाची सोय होती. २०१२ च्या केंद्रीय खरेदी धोरणात चार टक्के खरेदी अनुसूचित जातीजमातींच्या उद्योगांकडून करावी असे म्हटले आहे. सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना जिल्हा परिषदेची लहान कामेही मिळतात. पण काम आधी करायचे, बिल मागाहून निघायचे, आणि सिमेंटवाला उधारी किती दिवस ठेवणार? इथेही पुन्हा थांबण्याचीच ऐपत लागते.

आपले काही कार्यकर्ते खाजगी नोकरी पत्करणे म्हणजे शरणागती समजतात, तर नवे मार्गदर्शक पॅकेजच्या आकड्याला विद्वत्ता समजतात. मला दोन्ही पटत नाहीत. बडोदा सोडल्यावर बाबासाहेबांनी १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी धरली. ती आयुष्यभराची नोकरी म्हणून नव्हे. काटकसरीने साठवलेला पगार, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज घेऊन १९२० मध्ये ते अपुरा अभ्यास पुरा करायला लंडनला गेले. पगाराकडे असेही पाहता येते : पुढे थांबता यावे म्हणून आज मिळवलेली रोकड. तेवीस हजारांचे पत्र घ्यावे की नाही, याचा निर्णय मग त्या आकड्यावरून होत नाही. दीड वर्षात कर्जाचा शेकडा तीनवाला भाग फिटतो का, सहा महिन्यांचा खर्च शिल्लक पडतो का, जे काम शिकायला मिळते ते दुसरीकडे चालते का, हे विचारावे लागते. पण तीन हजार दोनशे शिल्लक टाकणाऱ्याला सहा महिन्यांचा खर्च जमवायला किती वर्षे लागतील, हे ज्याने त्याने मोजून पाहावे. एकट्याने हे होणारे नाही.

आमच्या तालुक्यात नोकरीला लागलेले अकरा जण गेल्या दोन वर्षांपासून दरमहा पाचशे रुपये बाजूला काढतात. महिन्याचे साडेपाच हजार होतात. त्यांतून एका वेळी एकाच मुलाला सहा महिने बिनव्याजी रक्कम दिली जाते. नोकरी लागल्यावर त्याने ती फेडायची आणि स्वतः पाचशे सुरू करायचे. आतापर्यंत तिघांनी घेतली, दोघांची फेड चालू आहे, एक अजून थांबलेलाच आहे. सध्या वाद असा चालला आहे की पैसे स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्याला द्यावेत, की नेमणूकपत्र हातात असून रुजू होण्याची तारीख न आलेल्याला. रेल्वेतले दोघे पहिल्या बाजूचे आहेत, पुण्यातल्या कंपन्यांतले पाच जण दुसऱ्या. एका मुलीचाही अर्ज आला आहे. तिला यांतले काहीच नको, तिला घरापासून दूरची नोकरी घेण्यासाठी पहिल्या दोन महिन्यांचे वसतिगृहाचे भाडे हवे आहे. त्यावर अजून निर्णय झालेला नाही.